हाताच्या मापाची मूठ

माझ्या गॅरेजमधून दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी संपत नाहीत, कॉर्कचा भुगा आणि किस्से. प्रत्येक रॉड जाताना एक तरी किस्सा टाकून जातो. ऐकताना लोक हसतात, पण खरं सांगू का, त्या त्या वेळी माझी पाचावर धारण बसलेली असते!

मी राहतो नाशिकच्या इंदिरानगरात, आणि फावल्या वेळात मासे धरायच्या रॉडची हँडल्स ज्याच्या त्याच्या हाताच्या मापाने करून देतो. गिऱ्हाईक म्हणजे आमचाच ग्रुप, रविवारी दारणा नदीच्या काठावर बसणारा. हँडल कोपरापर्यंत पोचलं पाहिजे आणि मूठ तळव्यात भरली पाहिजे. नाहीतर ओल्या हातातून रॉड सुटतो, आणि सुटलेल्या रॉडमागे माणूस विचार न करता पाण्यात पाऊल टाकतो. मला झोपेतही हेच दिसतं. त्यात आमच्या शेजारचे भास्करकाका! झटका आल्यापासून उजवा हात लुळा पडलाय, चालताना तोल जातो, आणि तरी काठावर जायचं तर एकट्यानेच. त्यांच्या दाराचा आवाज आला तरी मी हातातलं काम टाकून बाहेर डोकावतो.

*

पहिलं हँडल मी स्वतःचंच कापलं. कोपरापासून मनगटापर्यंत अगदी काटेकोर माप घेतलं, आणि मूठ धरायलाही जागा लागते हेच विसरलो! हँडल चार बोटं आखूड झालं. म्हटलं, चालवून घेऊ.

त्याच रविवारी मोठा मासा लागला. हँडलचा शेंडा कोपराला टेकेचना, सगळा भार मनगटावर. मनगट असं पिरगळलं की मी घाबरून रॉडच सोडून दिला.

घरी बायकोने विचारलं, "मासा कुठाय?"

"रॉड घेऊन गेला!"

*

तेव्हापासून ब्लेड हातात घेतलं की मला घाम फुटतो. कापलेलं परत वाढत नाही ना! म्हणून मी एक नियम केला. खूण मी करणार, पण पहिला कट गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने मारायचा. मग मला शिव्या नाहीत.

नाशिक रोड स्टेशनच्या तिकीट खिडकीवर बसणारा आमचा संजय आला. रॉड महागाचा. खुणेवर ब्लेड टेकवलं आणि थांबला. म्हणाला, "आधी चहा." चहा झाला. परत माप घेतलं. परत चहा. तिसऱ्या कपाला ब्लेड खाली ठेवून म्हणाला, "राहू दे यार. त्यापेक्षा माझाच हात वाढतो का बघतो!"

*

दत्तूभाऊ लासलगावचे. आयुष्य कांद्याच्या गोण्या उचलण्यात गेलं, पंजा म्हणजे फावडं. त्यांच्यासाठी मी जाड मूठ केली, फोमवर खरखरीत टेप गुंडाळली. माझी परीक्षा साबणाची असते. हाताला साबण लावायचा, रॉडच्या दोरीला विटांची पिशवी बांधायची आणि उचलायची. दत्तूभाऊंनी पहिल्याच झटक्यात उचलली. मी खूश!

आणि मग काठावर मोठा कटला मासा लागला. भाऊ आधी घोट्यापर्यंत पाण्यात, मग गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. आम्ही काठावरून बोंबलतोय, "भाऊ, सोडा! रॉड सोडा!"

तर भाऊ ओरडतात, "सोडवत नाय रे! लय भारी बसलीय मूठ!"

संजयने मागून पट्टा धरून खेचलं म्हणून बरं. सगळे हसले. मी मात्र चिखलातच मटकन बसलो. सैल मूठ माणसाला पाण्यात नेते हे मला ठाऊक होतं, घट्ट मूठही नेते हे त्या दिवशी कळलं!

*

दुसऱ्याच दिवशी भास्करकाका गॅरेजमध्ये हजर. "डाव्या हाताची मूठ कर. आणि हँडल लांब ठेव, काखेत अडकलं पाहिजे. उजवा गेला तर गेला."

नाही कसं म्हणणार? लहानपणी गळाला गांडूळ लावायला त्यांनीच शिकवलं. पण मूठ सैल केली तर रॉडमागे जातील, घट्ट केली तर रॉडबरोबर जातील. मी वेळ काढायला लागलो. रोज विचारायचे, रोज सांगायचो, "काका, मूठ चिकटवायची एपॉक्सी अजून सुकली नाही."

महिना झाला तसे भडकले. "एपॉक्सी आहे की लोणचं?"

*

एका सकाळी काका व्यायामाला गेलेले बघून काकू आल्या. काकूंना पाण्याची भारी धास्ती. पूर्वी सोबत यायच्या, पण काका मासे धरायला बसत तेव्हा त्या गाडीतूनही उतरत नसत.

हळूच म्हणाल्या, "मूठ गुळगुळीत कर रे. ह्यांच्या हातात राहायलाच नको. कंटाळून सोडून देतील."

मी म्हणालो, "काकू, सोडणार नाहीत. रॉडच्या मागे जातील."

काकूंनी पदराने कपाळ पुसलं आणि निघून गेल्या.

*

आणि चार दिवसांनी जे व्हायचं तेच झालं! काका जुना रॉड घेऊन मागच्या दाराने पसार. फोन बंद. काकूंचा चेहरा पांढराफटक. मी, संजय आणि काकू, संजयच्या गाडीतून दारणेकडे. वाटेत संजयने दोनदा चुकीचं वळण घेतलं.

काठावर काकांच्या चपला होत्या. शेजारी पिशवी. माणूस नाही, रॉड नाही.

संजय हाका मारत धावत सुटला. आणि काकू, गाडीतून न उतरणाऱ्या काकू, चपलांसकट सरळ पाण्यात शिरल्या.

तेवढ्यात बाभळीमागून आवाज आला, "अरे ओरडताय काय! मासे पळतील!"

काका बांधावर टेकून बसले होते, अनवाणी. चपला घसरतात म्हणून काढून ठेवल्या होत्या म्हणे! मला रडूच फुटलं. काकू मात्र रडल्या नाहीत. गुडघाभर पाण्यात उभ्या राहून नुसत्या काकांकडे बघत होत्या.

*

दुसऱ्या दिवशी गॅरेजचं शटर उघडतो तर काकू उभ्या. आत आल्या, बाकावरच्या वर्तमानपत्रावर उजवा पंजा पसरला आणि म्हणाल्या, "माप घे."

"कुणाचं?"

"माझं. त्याच रॉडवर. ह्यांचा डावा हात, माझा उजवा."

मी पेन्सिल घेतली. पंजाभोवती रेघ ओढली. विचारलं, "तुमची मूठ पुढे घेऊ की मागे?"

"मागे. बेचाळीस वर्षं मी पुढे राहिले, म्हणून तर हे मागच्या दाराने पळाले!"

मला हसू येईना. शेवटी बोललोच, "काकू, एक सांगतो. मूठ फार घट्ट बसली ना, तर ऐन वेळी हातातून सुटत नाही."

काकूंनी पंजा जागचा हलवला नाही. म्हणाल्या, "सुटायला कोण करून घेतंय!"