पाहुण्याला गवत

मालवणहून कट्ट्याकडे जाताना डाव्या हाताला धुरींची वाडी लागते. त्या वाडीत गोदूबाई भिकाजी धुरी हिच्या घरून उपाशी परतलेला माणूस कुणी पाहिला नव्हता. टपालवाला, कासारीण, मतदारांची यादी करायला आलेला तलाठी, एवढंच काय, पत्ता चुकून दुसऱ्याच धुरींऐवजी हिच्या दारात आलेला कोर्टाचा बेलीफसुद्धा जेवून गेला होता. "पुरे" हा शब्द गोदूबाईच्या कानात शिरत नसे. पाहुण्याने पानावर हात आडवे धरले तर ती बोटांच्या फटीतून आमटी सोडी. भाजून घेण्यापेक्षा वाढून घेतलेलं बरं, असं माणसं अनुभवाने शिकली होती.

अठ्ठावन्न सालच्या दिवाळीनंतर मुंबईहून बोटीने भाई आला, वाडीतलाच माणूस, आणि त्याने गोदूबाईच्या ओसरीवर एक टोपली ठेवली. टोपलीत पांढराशुभ्र ससा होता. रानातला ससा वाडीला ठाऊक होता, पण तो मसाल्यातला. हा असा मांडीवर घेण्याचा ससा वाडीने पहिल्यांदाच पाहिला. सोबत सुनेची, म्हणजे सावित्रीची, चिठ्ठी होती. गोदूबाईला वाचता येत नसे, म्हणून भाईने ती मोठ्याने वाचली. चाळीच्या मालकाने जनावर ठेवायला मनाई केली आहे, नात हिरा रडून तापाने पडली आहे, तरी मे महिन्यात आम्ही गावी येईपर्यंत कापशाला तुम्ही सांभाळावे. त्याला सुके गवत पुष्कळ घालावे, बाकी काही लागत नाही.

"गवत?" गोदूबाई म्हणाली. "नातीन धाडलेलो पावणो, आणि तेका गवत? तो काय पाडो आसा?"

"मुंबयची माणसां म्हणतली, धुऱ्यांच्या कणगीतलां भात सरलां," शेजारची जानकी कुंपणावरून म्हणाली. जानकीला बोलावावं लागत नसे. ती कुंपणावर असेच.

झालं. चिठ्ठी चुलीवरच्या फळीवर गेली आणि सशापुढे केळीचं पान आलं. पहिल्या दिवशी उकड्या तांदळाचा भात आणि ओलं खोबरं. दुसऱ्या दिवशी आंबोळी. तिसऱ्या दिवशी घावन, कारण आंबोळी त्याने अर्धी टाकली होती आणि ती त्याला आंबट लागली असावी असं गोदूबाईला वाटलं. बैलाला वर्षभर दावणीला पेंढा घालणारी बाई सशाचं तोंड पाहून स्वयंपाक बदलू लागली.

त्यात वाडीची रीत आड आली. मुंबईचं कोणी आलं की प्रत्येक घरातून त्याच्यासाठी वाटी जायची. कुणाची खीर, कुणाची उसळ. आणि आलेली वाटी कधी रिकामी परत जात नसे, तिच्यात आपलं काहीतरी घालून द्यायचं. माणूस असो की ससा, मुंबईचा तो मुंबईचा. कापशाच्या नावाने वाट्या सुरू झाल्या. सकाळी जानकीकडचं शिरवाळं, दुपारी खालच्या घरातलं केळं, संध्याकाळी कुणाचं तरी गुळाचं पोळं. गोदूबाई ज्याची त्याची वाटी भरून परत करी, आणि ती भरलेली वाटी पाहून दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटी येई. ससा निमित्तमात्र होता. वाडीतल्या बायका एकमेकींची चव घेत होत्या आणि बिल सशाच्या पोटावर फाटत होतं.

माघ महिन्यापर्यंत कापशाचं पोट जमिनीला टेकलं. तो उड्या मारीनासा झाला, नुसता सरपटे. पुढे पुढे पानावरचं अन्न हुंगून तोंड फिरवू लागला. गोदूबाईने मीठ-मिरच्या ओवाळल्या. देवीला कौल लावला, कौल उजवा झाला, ससा होता तिथेच बसला.

मग गुरांना लस टोचायला सरकारी डॉक्टर आले. घाटावरचे, पायात बूट, बोलणं तोडून. बैलाला टोचून झाल्यावर गोदूबाईने त्यांना आधी पोहे घातले आणि मग ससा दाखवला. डॉक्टरांनी त्याला उचललं, ओठ वर करून दात पाहिले, पोट दाबलं.

"काय खातो?"

गोदूबाईने कौतुकाने यादी सांगितली.

"बाई, ह्याचे दात जन्मभर वाढतात. गवत चावून चावून झिजतात. आतडं चालतं तेही गवतानंच. दिवसभर गवत, वर मूठभर हिरवा पाला, बास. हे भात न् गूळ घालून तुम्ही त्याला मारताय."

असं बोलून डॉक्टर पोहे संपवून पुढच्या गोठ्यात गेले. गोदूबाई मात्र टोपलीशी बसून राहिली.

हे शब्द तिने आधी ऐकले होते. सात वर्षांपूर्वी मालवणच्या डॉक्टरांनी तिच्या घोवाला, भिकाजीला, मधुमेह सांगितला होता आणि भात, गूळ, आंबा सगळं बंद केलं होतं. गोदूबाईने चार दिवस पाळलं. पाचव्या दिवशी भिकाजी पानावर तोंड पाडून बसला. "वाईच दी गो, एका तुकड्यान काय जाता?" म्हणाला. तिने दिलं. मग रोजच दिलं. पुढच्या चैत्रात त्याच्या अंगठ्याची जखम काळी पडली आणि आषाढात तो गेला. वाडीत कुणीही तिला बोल लावला नाही. उलट सगळे म्हणाले, गोदूने शेवटपर्यंत हवं ते खाऊ घातलं, त्याचं मन मारलं नाही. ती स्तुती गोदूबाईच्या गळ्याखाली कधीच उतरली नव्हती. आणि आता वैशाखात नात येणार होती, आणि टोपलीत तिचा ससा असाच सुस्त पडला होता.

त्या दिवसापासून केळीचं पान बंद झालं.

पण गवत खायचं कुणी? गोदूबाईने गंजीतून डोंगरावरचं करड उपसून घातलं. ते एवढं राठ की त्याने घरं शाकारायची. कापशाने एक काडी तोंडात धरली, सोडली, आणि तिच्याकडे पाठ करून बसला. गोदूबाईलाही राग आला. "बस मेल्या," म्हणून ती परसात गेली, आणि पाव तासाने पुन्हा येऊन बघू लागली. दुसऱ्या दिवशी तिने शेताच्या मेरेवरचं, म्हणजे बांधावरचं, मऊ गवत कापलं, सावलीत सुकवलं, हिरवटपणा राहील असं. त्याचा वास तिलासुद्धा आवडला. कापशाने ते हुंगलं, त्यावर बसला आणि झोपला. गवताच्या ढिगात केळ्याची चकती लपवली, तर त्याने ढीग उपसून केळं तेवढं शोधून काढलं. पंगतीत आमटीच्या भांड्यातले गोळे हेरणारी माणसं गोदूबाईने पाहिली होती, हा त्यांच्यातलाच निघाला. नारळाच्या केसाळ सालीत, सोडणात, गवत कोंबून टांगून ठेवलं, शिळं गवत काढून दिवसातून तीनदा ताजं घातलं. जवळ बसून आग्रह केला. "एक काडी, माझ्यासाठी. एक हिरासाठी." आग्रहाने जगात न हलणारा हा पहिलाच पाहुणा तिला भेटला होता.

शेवटी तिने त्याला दाखवायला स्वतःच एक काडी तोंडात घातली आणि चावली.

कुंपणावर अर्थातच जानकी होती.

"गोदूकाकी गवत खाता," ही गजाल सूर्य मावळायच्या आत विहिरीवर पोचली. एका घरात तिला वेड लागलं, दुसऱ्या घरात तिचं अन्न संपलं, आणि तिसऱ्या घरात तिने कसलंतरी व्रत धरलं. सगळ्यांना तिची दया आली, आणि दया आली की वाडीला एकच गोष्ट सुचत असे. वाट्या दुप्पट झाल्या.

गोदूबाईने प्रत्येकीला समजावलं, सशाला गवताखेरीज काही द्यायचं नाही. प्रत्येकीने मान डोलावली. तरी कापशा गवताला तोंड लावीना आणि वाळेनाही. आठ दिवस उपाशी राहूनही पोट जसंच्या तसं. तिला संशय आला. एका दुपारी पाणी आणायला म्हणून ती कळशी घेऊन निघाली, आणि गोठ्यामागून वळून परत आली. कुंपणाच्या फटीतून एक हात आत आला होता. हातात आंबोळीचा तुकडा होता आणि कापशा दोन पायांवर उभा राहून तो खात होता.

"जानके."

हात मागे गेला. मग जानकीचं तोंड कुंपणावर आलं. तिला लाज नव्हती वाटत. डोळ्यांत पाणी होतं.

"उपाशी मारतस गो तू तेका. माका बघवना नाय. आमी खातो आणि तो बघता."

"तो मरतलो त्या आंबोळेन."

"खावन कोण मराक नाय आजपर्यंत."

गोदूबाईच्या तोंडात भिकाजीचं नाव आलं होतं. ते तिने गिळलं. घरात गेली. फळीवर वाडीतल्या सात वाट्या परत करायच्या राहिल्या होत्या. तिने त्या ओळीने खाली घेतल्या, घासल्या, पुसल्या. रिकामी वाटी परत करायची तिची छाती होईना, ती रीत नव्हती. म्हणून तिने प्रत्येक वाटीत मेरेवरचं सुकं गवत भरलं, चांगलं दाबून, आणि घरोघर नेऊन दिलं.

"ह्यां सशाचां," ती म्हणाली. "तेका काय देवचां आसात, तर ह्यां दिया."

आता पाहा, शेजारणीने शिव्या दिल्या तर वाडी दोन दिवसांत विसरते. पण खिरीच्या वाटीत गवत? असा अपमान धुरींच्या वाडीत आजोबा-पणजोबांच्या आठवणीत झाला नव्हता. तीस वर्षं जिच्या हातचं वाढप वाडीने खाल्लं, ती बाई लोकांच्या घरी गवत वाटते. शिमग्यात बायकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. रामनवमीच्या समाराधनेत वाढायला पहिलं नाव तिचं असे, ते यंदा कुणी घेतलं नाही. ती पंगतीत बसली, जेवली, कुणी आग्रह केला नाही. म्हातारपणी गोदूचा हात आखडला, असं तिच्या मागच्या पानावरची बाई तिला ऐकू जाईल असं म्हणाली. गोदूबाईने ऐकलं आणि ताक न घेताच उठली. घरी येऊन ती रडली, खोटं कशाला सांगू. वेगळ्या कुठल्या कारणाने नाव गेलं असतं तर तिने भांडून परत आणलं असतं. इथे भांडायचं म्हणजे भिकाजीचं सांगावं लागलं असतं.

पण वाट्या थांबल्या. कुंपणाची फटही तिने शेणकुटांनी बुजवली.

फट बुजवल्याच्या तिसऱ्या दिवशी ती सकाळचा मुळ्याचा पाला घेऊन टोपलीशी गेली तेव्हा कापशा गवत खात होता. मनापासून नव्हे. कडू औषध घेणाऱ्या माणसासारखा, एकेक काडी, मध्ये थांबून, तिच्याकडे वाईट नजरेने बघत. गोदूबाई हललीसुद्धा नाही. चैत्राच्या अखेरीस तो दिवसभर कुरकुर कुरकुर चावू लागला, पोट जमिनीपासून उठलं, आणि एके दिवशी तो तिच्या पायावरून उडी मारून पळाला. हे सांगावं असं शेजारी कुणी उरलं नव्हतं. तिने ते बैलाला सांगितलं.

वैशाखात मुंबईची मंडळी आली. मुलगा रविकांत, सावित्री आणि सात वर्षांची हिरा. हिरा बैलगाडीतून उतरली ती थेट सशाकडे धावली. सावित्री मागून आली आणि पाहतच राहिली.

"अगंबाई, हा गवत खातो?"

"मगे काय खातलो? तूच लिवलंस मा," गोदूबाई म्हणाली.

सावित्री संकोचाने हसली. "अहो, ते आपलं लिहायचं म्हणून लिहिलं. तुम्हाला त्रास नको, खर्च नको. गवत म्हटलं की तुमच्याकडे गंजी आहेच. मुंबईत त्याने गवताला तोंड लावलं नाही कधी. चहा-बिस्किटांवर वाढला तो."

दोन महिने वाडी तोंड फिरवून होती, आणि ती चिठ्ठी म्हणजे नुसता सुनेचा शिष्टाचार निघाला. गोदूबाईला हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही.

तेवढ्यात हिराने पिशवीतून बिस्किटांचा डबा काढला. झाकणाचा आवाज झाला मात्र, कापशाने तोंडातली काडी टाकली. कान ताठ, नाक थरथरतं, मागच्या दोन पायांवर उभा. हिरा खिदळली, एक बिस्कीट काढून हात पुढे केला, आणि गोदूबाईने तिचं मनगट धरलं.

"नको."

या घरात गोदूबाईच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदाच ऐकू आला. हिराचा ओठ बाहेर आला. "आजी, एकच." गोदूबाईने मान हलवली. हिरा रडू लागली. आधी हळू, मग कुंपणापलीकडे जाईल असं. कापशा पुढच्या पायांनी हवेत ओरबाडत होता. दोघांचीही तोंडं गोदूबाईकडे होती, आणि दोघांचंही मागणं फार थोडं होतं.

रविकांत पुढे झाला. "आये, चेडू रडताहा. एका बिस्किटान काय जाता?"

"तुझो बापूस गेलो," गोदूबाई म्हणाली.

रविकांत मागे सरला. सावित्रीने डब्याचं झाकण लावलं. गोदूबाईने हिराच्या मुठीतलं बिस्कीट काढून घेतलं, त्या जागी गवताची काडी दिली, आणि रडणाऱ्या पोरीचा हात धरूनच टोपलीजवळ नेला. कापशाने काडी हुंगली, तोंड फिरवलं, पाठ करून बसला. हिरा हुंदके देत होती. गोदूबाईचे गुडघे दुखत होते, तरी ती तिथेच उकिडवी बसली आणि तिने हात सोडला नाही.

बऱ्याच वेळाने ससा वळला आणि काडीचं टोक तोंडात घेतलं.