निळ्या डोळ्याच्या बाजूनं

तायडे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी बार्शीटाकळीत होतो. मनात पहिला विचार आला तो असा... माणूस डूख धरूनच गेला. आज सांगायलाही लाज वाटते.

सर अकोल्याला जठारपेठेत माझे शेजारी, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. माझं बियाण्यांचं दुकान. ती वर्षंच अशी होती की कपाशी उगवली नाही तर शेतकरी दुकानदाराकडे संशयानं बघायचा, दुकानदार कंपनीकडे, आणि मी स्वभावानंच सगळ्यांकडे.

रोजचा सकाळचा चहा सरांच्या ओसरीवर व्हायचा. त्यांची मांजर पांढरीशुभ्र. उजवा डोळा पिवळा, डावा निळा. तिला काळं पिल्लू झालं तेव्हा मी त्याच्या बापाबद्दल शंका काढली. सर हसले. "भाऊ, तिच्यावर पांढरा चुना मारला समजा. खाली तिचा खरा रंग दबून आहे. पिल्लात तो उघडा पडला."

डावीकडून हाक मारली की ती नेमकी उलट्या बाजूला बघायची. "लय मिजासखोर आहे," मी म्हणालो.

"मिजास काहून करंल ते? रंगाच्या पेशी डोळ्यात पोचल्या नाई, तर डोळा निळा. कानातबी पोचल्या नाई, म्हणून डावा कान बंद. एकाच कानानं ऐकू येते, तर आवाज तिकडूनच आला वाटते तिले."

पुढे सर शेतकऱ्यांना ओल्या गोणपाटात बी गुंडाळून उगवण तपासायला शिकवू लागले. माझ्या दुकानातलं बी त्या गोणपाटात दिसलं आणि माझं डोकं फिरलं. "सर, माझं दुकान बंद पाडता काय?" असं तोडून बोललो आणि जाणं-येणं थांबवलं.

वर्षभरानं राग ओसरला. सर ओसरीवर खुर्चीत बसले होते. मी कुंपणावरून हाक मारली. त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं. तीनदा असं झालं... मग मीही हाक मारणं सोडलं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, सरांच्या श्रद्धांजलीला सगळे जमले तेव्हा, वहिनींना हे बोलून दाखवलं.

"भाऊ, त्यायचा डावा कान कवाचाच गेला होता. कोणाले सांगू देत नव्हते. हाक आली की रस्त्याकडं पाहत, अन् मले इचारत, भाऊ आले काय? मी घरातून बाहेर येईपर्यंत तुमी गेलेले."

कुंपण त्यांच्या डाव्या हाताला होतं.

खुर्ची अजून तिथंच आहे, तिच्यात आता मांजर बसते. परवा मी फाटकातून आत गेलो, खुर्चीला वळसा घालून उजवीकडे उभा राहिलो. तोंडातून "सर" निघून गेलं. मांजरीनं माझ्याकडे पाहिलं.