आकडी आणि कडी

चातुर्मासातलं बिनकांद्याचं जेवण झालंय. पुस्तक छातीवर पालथं पडतं, डोळे मिटू लागतात. न्हाणीघरातून माझाच आवाज येतो: सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस.

तीन वर्षांपूर्वी मला पहिली आकडी आली आणि बाबांनी न्हाणीघराची कडी काढून टाकली. तेव्हापासून आंघोळ करताना मी मोठ्याने पाढे म्हणायचे आणि आईने बाहेर स्टुलावर बसून ऐकायचे. सोळा वर्षांची घोडी झाले तरी. आता वर्षभर आकडी नाही. गोळ्यांशिवायही येत नाही हे दाखवून कडी परत मागायची, म्हणून चार दिवस मी गोळी गुपचूप खिडकीबाहेर टाकते आहे.

आज स्टुलावर आई नाही. कुमुदआत्या आहे, फोटोतल्यासारख्याच दोन वेण्या घातलेली. माझ्या जन्माआधी, माझ्याच वयाची असताना ती गेली. तिलाही आकडी यायची.

तिच्या हातात फोडलेला कांदा आहे.

"हुंगायला," ती सांगते. "माझं औषध एवढंच. डॉक्टरकडे नेलं तर बोभाटा होईल, मग लग्न कसं जमायचं?"

मी तिला कडीचं गाऱ्हाणं सांगते. ती सगळं ऐकून घेते. आम्ही आता शाळेच्या व्हरांड्यात आहोत, मुली शेजारून जातात, कुणी आमच्याकडे बघत नाही. न्हाणीघराचं दार मात्र समोरच आहे आणि त्याला पितळी कडी आहे.

"मला होती कडी," आत्या म्हणते. "आतून लावलेली. दार तोडेपर्यंत उशीर झाला गं."

मला रडू येतं. तिची भीती नाही वाटत, माया वाटते.

"मग मी मागूच नको?"

"माग की. पण गोळी घेऊन माग." ती कांदा माझ्या तळहातावर ठेवते, माझी मूठ मिटते. "सतरा पाचे?"

"पंच्याऐंशी," मी मोठ्याने म्हणते आणि जागी होते.

आई स्वयंपाकघरात भाजी निवडत असते. मी तिला चार दिवसांचं सगळं सांगून टाकते. ती रागावत नाही, निवडायची भाजी बाजूला सारते. मग डॉक्टरांना फोन लावते, ते सांगतात ते दोनदा विचारून घेते आणि पाण्याचा पेला आणते. माझा हात धरून तळहातावर गोळी ठेवताना ती थबकते, हात नाकाशी नेते.

"चातुर्मासात," ती हळूच विचारते, "हाताला कांद्याचा वास कुठून आला?"