सहावा रेडिएटर

तुमच्या घरी जेवण रांधणारा माणूस थंडीत कुठे झोपतो, माहीत आहे तुम्हांला? मलाही माहीत नव्हतं.

त्या सकाळी बॉयलर तिसऱ्यांदा बंद पडला होता. दोह्यात एका इंजिनिअर साहेबाच्या बंगल्यात तो मीच बसवला होता. कतारमध्ये घर तापवायचं म्हटलं की आमच्या रत्नागिरीत लोक हसतात. जानेवारीत शमाल, म्हणजे उत्तरेचा वारा, सुटला की त्यांचेही दात वाजतील.

यंत्र साधं असतं. बर्नर डिझेलचा बारीक फवारा मारतो, पंखा हवा देतो, ठिणगी पडते. तापलेलं पाणी पंपाने खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरांत फिरतं. हे भिंतीला लावलेले लोखंडी, पोकळ पत्रे. हवा कमी पडली की काजळी धरते. काजळीमुळे बर्नरच्या काचेच्या डोळ्याला ज्योत दिसेनाशी झाली की तो तेल तोडतो.

"तीन दिवसांत तीनदा!" इंजिनिअर साहेब कडाडले. "फिटिंग केलंस की नुसतं उभं केलंस?"

बर्नर उघडला. आत काजळीच काजळी. म्हणजे हवेची वाट बंद. बॉयलरच्या खोलीत जमिनीलगत मी स्वतः जाळी बसवली होती. तिच्यात गोणपाट कोंबलेलं. बाजूला गुंडाळलेली चटई.

चटई कासिमचाचांची. मुरुडचे, बंगल्याचे खानसामे. त्यांची खोली भिंतीपलीकडेच, पण तिथे रेडिएटर नव्हता, म्हणून ते रात्री इथे बॉयलरच्या उबेला झोपत होते.

"जाळीतून रेती येते रे, वारा झोंबतो," चाचा हळूच म्हणाले. "साहेबाला सांगू नको. पुढच्या बोटीने घरी धाडेल."

"चाचा, कोंडलेल्या आगीतून विषारी वायू निघतो. त्याला वासही नसतो. बर्नरच्या डोळ्याने तेल तोडलं म्हणून तुम्ही सकाळी उठलात."

चाचांनी झटकन गोणपाट जाळीतून उपसलं.

"खोटं मी बोलणार नाही," मी म्हणालो. "तुमची नोकरी गेली तर मीही माझी सोडीन."

"तुझी जाऊन माझ्या पोटात काय पडणार, गाढवा?"

तरी मी गोणपाट साहेबांपुढे धरलं. सगळं सांगितलं. "यांना काढलंत तर पुढचा खानसामाही हेच करील. थंडी माणूस बघून वाजत नाही. त्यांच्या खोलीत रेडिएटर हवा."

"ड्रॉइंगमध्ये पाच आहेत."

"ड्रॉइंगमध्ये चाचा नाहीत, साहेब. भिंतीपलीकडे आहेत."

साहेबांनी गोणपाट बाजूला सारलं. मग खिशातून पेन्सिल काढली, ड्रॉइंगवर सहावा चौकोन काढला आणि म्हणाले, "स्टोअरमध्ये एक पोचा आलेला पडलाय. यल्ला, चल, लाव तो!"

दुपारपर्यंत जोडला. बॉयलरने सहावा रेडिएटर हूं की चूं न करता ओढला. पाच हा आकडा त्याने कधी मागितलाच नव्हता. बर्नर पुन्हा बंद पडला नाही. चाचा आता त्या पोच्यावर पायमोजे वाळवतात आणि मला म्हणतात, "तुझं फिटिंग बरं आहे, तोंड तेवढं फटकळ."

तुमच्याकडे बॉयलर नसेल, शेगडी असेल. तिच्या खोलीची खिडकी आज बोटभर उघडी ठेवा. आणि जेवण वाढणाऱ्याला विचारा, तो कुठे झोपतो. उत्तर ऐकून थांबू नका, त्याची खोली बघून या.