तिळगुळाच्या डब्याबरोबर गेलेली गोष्ट

"तिच्या बापालाच सांगितलं ना, ताई? परक्याला तर नाही!"

"तेच म्हणतेय मी. तिच्या बापाला सांगितलंस."

"मग कुणाला सांगायचं होतं? पोरगी लिहिते, जगावंसं वाटत नाही. ते वाचून मी गप्प बसायचं?"

"गप्प बस म्हणाले होते मी? उदगीरचा नंबर भिंतीवर चिकटवून गेले होते. केव्हाही उठव म्हणाले होते. एक फोन नाही केलास, श्रीकांत."

"तुम्ही पुतणीच्या बारशात. कायकू परेशान करायचं म्हटलं."

"आणि तिला? तिला एक ओळ तरी लिहिलीस? बाई गं, आत्ता कशी आहेस, एवढं तरी विचारलंस?"

श्रीकांतनं टेबलावरचा तिळगुळाचा डबा उगाच थोडा बाजूला सरकवला. "तिला काय विचारायचं, ताई? लहान आहे ती."

नारायणगुड्यातल्या मराठी मंडळाच्या खोलीत, कुणीतरी देणगीदाखल दिलेल्या कॉम्प्युटरसमोर, रविवारी दुपारी हे चाललं होतं. श्रीकांत मंडळाचा चिटणीस. आणि त्रिवेणीताईंचं म्हणाल, तर त्यांची अर्धी जिंदगी ट्रंक एक्स्चेंजमध्ये गेली. कानाला हेडफोन, समोर तारांचं जंजाळ, "सोलापूर, बोला!" लाईन जोडायची, आतलं ऐकायचं नाही, कानावर पडलंच तर घरी न्यायचं नाही. तिथं कितीतरी रडणी त्यांच्या कानांवरून गेली. मग गल्लोगल्ली एसटीडीचे पिवळे बोर्ड लागले, ती खोली रिकामी होत गेली आणि ताईही मुदतीआधी घरी बसल्या.

बसतील कशा? मंडळाच्या पोरांनी इंटरनेटवर 'कट्टा' नावाचा ग्रुप काढला, तो सांभाळायला त्यांनी घेतला. पोरांना देवनागरी धड वाचता येत नाही, म्हणून मराठीही इंग्रजी अक्षरांत. विनोद, क्रिकेट, बिर्याणीवरून भांडणं. त्यातच एकदा शिल्पानं लिहिलं होतं: 'थकले. सगळं संपवावं वाटतंय.' खाली पोरांची उत्तरं: टेन्शन नक्को, एखादा पिक्चर बघ.

ताईंनी तिला वेगळं लिहिलं. 'सरळ विचारते, राग मानू नकोस. जीव द्यावासा वाटतो का?'

उत्तर आलं: 'हौ. कुणी विचारलंच नव्हतं.'

तिच्या अमेरिकन कंपनीनं इथलं ऑफिस एका दिवसात गुंडाळलं होतं. वडील हिम्मतराव तर पोरगी अमेरिकेला चालली म्हणून मंडळात पेढे वाटून बसलेले. तेव्हापासून शिल्पा रोज सकाळी कुकटपल्लीच्या घरातून डबा घेऊन निघायची, कुठल्यातरी सायबर कॅफेत बसायची आणि संध्याकाळी 'ऑफिसातून' परतायची.

ताईंनी उपदेश केला नाही. आज जेवलीस का, झोप लागली का, तो विचार आज किती जोरात आहे, असं विचारत राहिल्या. हे फक्त आपल्या दोघींत राहणं बरं नाही, हेही सांगितलं. घरातल्या कुणाला कळलेलं चालेल? शिल्पा म्हणाली, जांबागची इंदूमावशी. तिच्याबरोबर डॉक्टरांकडे जायचं ठरलं. मावशीला शिल्पा स्वतः सांगणार होती. या रविवारी.

मधेच ते बारसं आलं. ताईंनी कट्ट्याचा पासवर्ड श्रीकांतच्या हाती दिला आणि शिल्पाला लिहिलं: 'मी नसताना श्रीकांतदादा आहे. माझ्यासारखाच समज.'

शिल्पानं त्यालाही सगळं लिहिलं. श्रीकांतनं ते वाचलं आणि मंडळात कुणाच्याही घरचं काही असलं की जे करतात तेच केलं. वडीलधाऱ्याला गाठलं. संक्रांत होतीच, कुकटपल्लीची घरं तिळगुळाच्या यादीत होतीच. हिम्मतरावांच्या हातावर लाडू ठेवला आणि चहा पिता पिता सगळं सांगून टाकलं. नोकरीचंसुद्धा.

"त्यांनी मला मिठी मारली, ताई. म्हणाले, उपकार झाले."

"आणि तू गेल्यावर? फोनला कुलूप घातलं. इज्जत घालवलीस म्हणाले. चार पाहुण्यांसमोर."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

ताईंनी पडद्याकडे बोट केलं. शिल्पाची सकाळची मेल अजून उघडी होती. कुलपाचं, पाहुण्यांचं सगळं सांगून खाली लिहिलं होतं:

'ताई, देवळात जाते सांगून कॅफेत आले. मावशीला मी आज सांगणारच होते. तुमच्यासारखाच म्हणालात म्हणून दादालाही लिहिलं. आता इथं लिहिणार नाही.'

श्रीकांतनं दोनदा वाचलं. "पण ताई, जीव वाचावा म्हणूनच ना..."

"तुझ्या मनात वाईट नव्हतं, माहीत आहे मला. म्हणून तर तुला पासवर्ड दिला होता." ताई त्याच्याकडे वळल्या. "ती आता कुणाला सांगेल, श्रीकांत? पुढच्या वेळी वाटलं तर कुणाला?"

त्यांनी टेबलावरचा फोन ओढून जांबागचा नंबर फिरवला. "इंदूताई? मी त्रिवेणी, मंडळातली. शिल्पाला आज तुमची गरज आहे. बाकी तिच्याच तोंडून ऐका. कुकटपल्लीच्या स्टॉपवर या, मी निघालेच. नाही, तिला एकटीला नाही सोडायचं. हिम्मतराव दारातच अडवतील. आपण दोघी असू."

फोन ठेवून त्यांनी खुर्चीवरची शाल उचलली.

"मी येऊ?" श्रीकांत उठला. "मी हात जोडतो हिम्मतरावांपुढे. तिच्यापुढे पण जोडतो. ताई? बोला ना. ती माझ्याशी बोलेल?"

त्रिवेणीताईंनी चपला घातल्या आणि जिना उतरून गेल्या.