सेल बंद होता, वहीत मात्र 'चालू'

मंडळी, राग आवरत नाहीये म्हणून इथेच लिहितेय.

आमच्या मैसूरच्या लॅबमध्ये मी आणि मैत्रीण रश्मी पाण्यातून हायड्रोजन काढणारा सेल किती टिकतो ते तपासतोय. सेल दीड महिना अखंड चालवायचा आणि तो झिजेल तसं चढणारं व्होल्टेज वहीत टिपायचं. मध्येच बंद केला तर पुन्हा लावल्यावर तो खोटाच ताजा दिसतो.

दसऱ्याला मी नरसीपूरला घरी गेले. परतले तर व्होल्टेज उतरलेलं! आज सेमिनारमध्ये मी सगळ्यांना ठासून सांगितलं, आमचा सेल सुधारला.

दुपारी ऑफिसातल्या मॅडमनी दसऱ्यातल्या आयुधपूजेचे, म्हणजे यंत्रांच्या पूजेचे, फोटो ग्रुपवर टाकले. आमच्या सेलला कुंकू, झेंडू, आणि मागचा मीटर बंद.

"सुम्ने, असाच दोन तास बंद केला कणे. पूजेला मशीन चालू ठेवतात काय?" रश्मी तिच्या कन्नडमिश्रित मराठीत म्हणाली.

पूजेचा राग नाही हो. पण वहीत तिनं 'चालू' लिहिलं, आणि आज पहिल्या रांगेत बसून माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.

त्या पानावर माझीही सही आहे. रश्मीनं लिहिलंय म्हणून न वाचता केलेली. उद्या आमच्या गाईड सरांसमोर तेच पान उघडायचंय. तुम्ही असता तर आधी कुणाचं नाव घेतलं असतं?