नकाशावरची पुसलेली रेघ

नकाशावर मी बोट ठेवलं. भाटकाराने ते पट्टीने बाजूला केलं.

हाताने नाही. पट्टीने. इंजिनियरची लाकडी पट्टी टेबलावर पडली होती, ती त्याने उचलली, तिचं टोक माझ्या बोटाखाली घातलं आणि पानावरची अळी उडवावी तसं माझं बोट उडवलं. मग खिशातून रुमाल काढून पट्टी पुसली. सावकाश पुसली. सगळ्यांनी बघितलं.

ग्रामसभा होती. पंचायतीची खोली माणसांनी भरलेली. भाटकार म्हणजे जमिनीचा मालक, तोच गावचा सरपंच, म्हणून मधली खुर्ची त्याची. मी विचारलं होतं एवढंच, "ही रेघ कित्याक पुसली?"

कारण नकाशावर दोन रेघा होत्या. एक तांबड्या शाईची, आमच्या वाड्यातून जाणारी. दुसरी पेन्सिलीची. खोडरबराने पुसलेली, पण कागदावर तिचा वळ राहिला होता. ती सरळ भाटकाराच्या कुळागरातून जात होती, त्याच्या माडा-पोफळींतून. रस्ता आधी तिथून काढला होता. मागाहून तो आमच्याकडे वळवला. बावीस वर्षांची होते मी, शिवणकाम करायचे. कापडावर खडूची रेघ मारून पुसली तरी ती कुठे होती ते मला दिसतं.

"तुजें घर कोणाच्या जाग्यार आसा?" भाटकाराने विचारलं.

मी पुन्हा पुसलेल्या रेघेकडे बघितलं.

"सांग मगे. कोणाच्या?"

"तुमच्या."

"मागीर?"

खोली हसली. त्या हसण्यात माझा सख्खा काका होता. टेबलाच्या पलीकडे, पंचांच्या खुर्चीत बसून तोही हसला. भाटकाराचं पट्टी पुसणं मी कदाचित विसरले असते. काकाचं हसणं नाही विसरले.

आम्ही मुंडकार. म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर बांधून राहणारी माणसं. डिचोली तालुक्यात असे वाडे गावोगाव. आमच्या वाड्यात चौदा घरं. देवळाच्या तळीवर आम्हाला जाता येत नव्हतं. भाटकाराच्या विहिरीवर जाता यायचं, पण लांब उभं राहायचं. त्यांचा गडी वरून पाणी ओतायचा, आम्ही खाली कळशी धरायची. अर्धं पाणी कळशीत, अर्धं अंगावर. आजोबांना एकदा त्या पाण्याचा राग आला. त्यांनी आणि वाड्यातल्या आणखी चौघांनी दोन उन्हाळे कातळ फोडला आणि आमची विहीर खणली. बांय म्हणायचो आम्ही तिला. आतले चिरे आजोबांच्या हातचे. मे महिन्यात गावच्या विहिरी तळाला जायच्या तेव्हाही आमच्या बांयला पाणी असायचं, आणि मग वरच्या आळीतल्या बायका गुपचूप यायच्या. आम्ही कोणाला लांब उभं केलं नाही.

लाल रेघ नेमकी त्या बांयवरून गेली होती. खाणीवरचे मातीचे ट्रक नदीच्या धक्क्यापर्यंत न्यायला रस्ता हवा होता. कागदावर मात्र लिहिलं होतं, ग्रामविकासाचा रस्ता.

बाबा गेले तेव्हा मी चौथीत होते. शाबाकाका त्यांचा थोरला भाऊ. त्यानेच आम्हाला सांभाळलं. गावच्या काल्याच्या जत्रेत त्याच्या खांद्यावर बसून मी दशावतार बघितला. शाळेतून काढायची वेळ आली तेव्हा "चेडूं शिकतलें" म्हणून तो आईशी भांडला. गोवा राज्य झालं तेव्हा भाटकाराने देवळासमोर भाषण केलं, आता राज्य तुमचं म्हणाला, लाडू वाटले. आमच्या वाट्याचे लाडू पायरीच्या खाली आले. पण काका म्हणाला, आता पंचायतीत आपला माणूस हवा. तो उभा राहिला. माझं अक्षर चांगलं. गावभर भिंतींवर त्याचं नाव मी लिहिलं, चुना आणि नीळ कालवून. मराठी की कोकणी यावर मोठी माणसं तेव्हा एकमेकांची डोकी फोडत होती. मी दोन्हींत लिहिलं. काका निवडून आला त्या दिवशी आई रडली. म्हणाली, आता कोणीतरी आपलं टेबलापलीकडे बसेल.

बसला. ट्रकही आला त्याच्या दारात, थोरल्या मुलाच्या नावावर. खाणीवर लागला. आम्ही ओवाळला तो ट्रक. मूर्ख होतो.

एक दिवस काका वाड्यात घरोघर फिरला. "सगळ्यांनी देवळांत येवचें. घरांत कोणेच रावचें न्हय. रस्तो येतलो, फाटोफाट नळ येतलो."

रस्ता कुठून, ते कोणी विचारलं नाही. आपला माणूस सांगतोय, मग विचारायचं काय?

आमच्या गावात कुठलंही मोठं काम करायचं तर देवाला गाऱ्हाणं घालतात. घाडी देवासमोर उभा राहून गावाच्या वतीने मागणं मागतो. त्याच्या प्रत्येक वाक्यावर सगळा गाव म्हणतो, व्हय म्हाराजा. नुसतं म्हणायचं नाही, पोटातून ओरडायचं. लहानपणापासून जिभेला वळण. घाडीचा श्वास संपला की आपला सुरू होतो, वाक्यात काय होतं ते कानात शिरतही नाही. आमचा वाडा मंडपाच्या पायरीखाली उभा राहायचा. पण व्हय म्हणायला आमचा आवाज सगळ्यांत मोठा. तेवढंच तर होतं आमच्याकडे, जे वरच्यांच्या बरोबरीने देवापर्यंत जायचं.

"बा देवा म्हाराजा, आज सगळो गांव एक जावन तुज्या पायांकडे उबो रावला."

"व्हय म्हाराजा!"

"गांवाच्या बऱ्याखातीर रस्त्याचें काम हातांत घेतलां, ताका येश दी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"कोणाच्याय मनांत किंतू ना म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

मीही म्हणाले. माझ्या शेजारी आई म्हणाली. मग पुजाऱ्याने देवाला पाकळ्या लावल्या. उजवी पाकळी पडली. देवाचा होकाराचा कौल झाला. नारळ फुटला, प्रसाद आला, आम्ही आनंदाने घरी आलो.

आठ दिवसांनी मोजणीवाले आले. दोरी, खुंट्या, तांबड्या रंगाचा डबा. एक फुली त्यांनी बांयच्या कठड्यावर मारली. आई कळशी घेऊन उभी होती. तिने विचारलं, ही कसली खूण? त्यांच्यातला एक म्हणाला, हे जाणार. इतकंच. तिने कळशी भरली आणि घरी येऊन चुलीपुढे बसली. चूल पेटवली नाही.

म्हणून मी ग्रामसभेला गेले. आमच्या वाड्यातली बाई त्या खोलीत कधी गेली नव्हती. मला वाटलं होतं, काका आहे तिथे. काकाला ठाऊक नसेल. मी दाखवीन, काका उठेल, टेबलावर हात आपटेल.

पुढचं सांगितलंच. पट्टी. रुमाल. हसू.

माझं बोट उडवून झाल्यावर सेक्रेटरीने ठराव वाचला. अजून शब्दन् शब्द पाठ आहे. "ग्रामस्थांनी ग्रामदेवतेसमोर एकमुखाने होकार दिलेला असून कोणाचीही हरकत नाही." खाली पंचांच्या सह्या. काकाची सही मला ओळखता आली. सही करायला त्याला मीच शिकवलं होतं, निवडणुकीच्या आधी, माझ्या शिवणाच्या वहीवर.

परतताना मी त्याला आंब्याखाली गाठलं. "काका, बांय वता म्हणून तुका खबर आशिल्ली?"

तो थांबला नाही. चालता चालता बोलला. "खबर आशिल्ली. देवळांत तूंय व्हय म्हणलेंस मगो. हांवें आयकलां. आतां रडून कितें?"

त्याला माहीत होतं. दारोदार फिरताना माहीत होतं. आमच्या चुलीपुढे बसून, आमच्या बांयच्या पाण्याचा चहा पिताना माहीत होतं. आमचा होकार त्याने आमच्याच तोंडातून काढून नेला, आणि देवाच्या पायरीवर नेऊन भाटकाराला दिला. परका लुबाडतो तेव्हा राग येतो. आपल्याने लुबाडलं की आधी लाज वाटते. मला आठवडाभर माझ्याच तोंडाची लाज वाटत होती.

आई म्हणायची, "आतां जालें. देवाक व्हय म्हणलां आमी. परत ना म्हणूंक जायना."

मी म्हटलं, "आये, देवाक विचारलें. पाकळ्येक विचारलें. आमकां कोणें विचारलें?"

 त्या रात्री ती कित्येक दिवसांनी पोटभर जेवली.

विहीर बुजवायची तर आधी तिचं देवपण काढावं लागतं. तिथेही गाऱ्हाणं. ठरलेल्या सकाळी सगळे बांयवर आले. भाटकार, इंजिनियर, कंत्राटदार, काका नव्या सदऱ्यात. आमच्या वाड्यात भाटकार पहिल्यांदाच पायी आला होता. वाड्यातली माणसं कडेने उभी.  घाडीने नारळ हातात घेतला.

"बा देवा म्हाराजा, ह्या बांयचें देवपण उठवन गांवान रस्तो करूंक घेतलो म्हाराजा."

श्वास संपला. सगळ्यांची तोंडं सवयीने उघडली.

"ना म्हाराजा."

मी म्हणाले. पोटातून म्हणाले, जसं व्हय म्हणायला शिकवलं होतं तसंच.

घाडी थांबला. म्हातारा माणूस, त्याच्या बापाने गाऱ्हाणं घातलं, आजाने घातलं. त्यात ना नव्हतंच कुठे. पुढचं वाक्य त्याला सुचेना. त्याने नारळ या हातातून त्या हातात घेतला. "गो बाय," तो हळू म्हणाला, "हांगा ना म्हणनात."

"आमच्या बांयचेर म्हणटात," मी म्हणाले.

भाटकार लाल झाला. "कोणाचें चेडूं तें?"

 मग काकाच बोलला, जमिनीकडे बघत. "माज्या भावाचें."

घाडीने पुन्हा सुरुवात केली. पहिल्यापासून. बा देवा म्हाराजा. त्याचा श्वास संपला आणि माझ्या मागून आवाज आला, "ना म्हाराजा." आई होती. तिचा आवाज फाटला होता, पण होता. मग पलीकडची वहिनी. मग आणखी कोणी, मला वळून बघायचं नव्हतं. पुरुषांतला एकही जण बोलला नाही, हेही लिहून ठेवते. व्हयही म्हणाले नाहीत, हेही.

व्हयशिवाय गाऱ्हाणं पुढे जात नाही. घाडीने नारळ खाली ठेवला आणि निघून गेला. त्या दिवशी बांय वाचली.

इथे थांबले असते तर गोष्ट छान झाली असती. पंधरा दिवसांनी ते पोलिसांची जीप घेऊन आले. गाऱ्हाणं नाही, नारळ नाही. इतकी वर्षं देवाला विचारल्याशिवाय कुदळ न मारणाऱ्यांना देव त्या दिवशी लागला नाही. दुपारपर्यंत आजोबांचे चिरे मातीखाली गेले. रस्ता झाल्यावर पहिल्या दिवशी त्यावरून गेलेल्या ट्रकांत काकाचा ट्रक होता. लाल धूळ आमच्या पेजेत पडली. नळ सहा वर्षांनी आला.

पण मी शिकले. मुंडकाराला घराची जागा आपल्या नावावर करून घेता येते, असा कायदा गोव्यात केव्हाच झाला होता. काकाने आपली जागा गुपचूप करून घेतली होती, आम्हाला सांगितलं नव्हतं. मी मामलेदार कचेरीत खेपा घातल्या. चपला झिजल्या. आईचं नाव कागदावर चढलं, मग वाड्यातल्या बाकीच्या घरांचं. तेव्हापासून एकही ग्रामसभा मी चुकवली नाही. ठराव वाचल्याशिवाय वाड्यातला कोणी सही करत नाही, आणि गाऱ्हाण्याला उभं राहण्याआधी आम्ही घाडीला विचारतो, आज काय मागणार आहेस?

परवा पंचायतीच्या फळ्यावर नवी नोटीस लागली. रस्ता रुंद करायचा आहे. वाड्यातल्या घरांचे पुढचे सोपे, म्हणजे ओसऱ्या, जाणार. भाटकार आता नाही, त्याचा मुलगा त्या खुर्चीत आहे. नकाशा रंगीत आहे. कुळागर तेवढंच हिरवं आहे.

संध्याकाळी काका आला. म्हातारा झालाय, काठी टेकत आला. माझ्या सोप्यावर बसला नाही, पायरीवर उभा राहिला. म्हणाला, "ह्या खेपे माजोय सोपो वता गो. तूं बोल. तुजें आयकतात."

मी मशीन थांबवलं. त्याच्याकडे बघितलं. खांद्यावर बसून बघितलेला काला मला आठवला. आठवला, म्हणून मी उठले नाही; उठले असते तर त्याच्यासाठी हो म्हणाले असते.

"वाड्याचें हांव सांगतलें," मी म्हणाले. "तुजें तूं सांग. सगळ्यांमुखार उबो राव आनी तुज्या तोंडान ना म्हण."

तो काठी टेकत पायरी उतरला. मग गेला.

रविवारी ग्रामसभा आहे. काका येईल की नाही, माहीत नाही. मी त्याची वाट बघणार नाही. मी टेबलापाशी जाईन, नकाशावर बोट ठेवीन, आणि कुळागरातून रेघ का नाही ते विचारीन. उत्तर मिळून लिहून होईपर्यंत बोट उचलणार नाही. ज्याला उचलायचं असेल त्याने या वेळी हाताने उचलावं.